एक लिटरचे व्याही

दोन हजार बावीस साल. माझं वय एकाहत्तर, म्हणजे आधार कार्डावर. आई सांगायची त्या हिशेबानं त्र्याहत्तर. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजानं तारीख ठोकून दिली, आणि तिसरीतच मी शाळा सोडल्यामुळं ती दुरुस्त करायची वेळ आली नाही. तर अशा वयाला मी पहिल्यांदा विमानात बसलो आणि जर्मनीत आखन नावाचं गाव आहे, तिथं व्याह्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

बायको आली नाही. म्हैस गाभण होती. "नातू काय पळून जात न्हाई. म्हशीला माझ्याबिगर कोण हाय?" असं म्हणून तिनं मला एकट्याला धाडलं.

मुलाकडच्या माणसानं मुलीच्या बापाच्या घरी तीन महिने मुक्काम ठोकायचा, ह्याला आमच्या कोल्हापूरकडं काय म्हणतात ते इथं लिहीत नाही. पोरानं फोनवर समजूत घातली होती, "आबा, आम्ही वरच्या मजल्यावर, ते खालच्या. घर वेगळंच आहे." गेल्यावर बघतो तर दारावर पाटी एकच, पोरानं वाचून सांगितली, वर व्याह्यांचं आडनाव आणि त्याखाली आमचं.  मी ते बघून ठेवलं.

व्याही मूळचे पुण्याचे. इंजिनियर व्हायला म्हणून तरुणपणी तिथं गेले, शिकले, यंत्रांच्या कारखान्यात लागले आणि तिथंच म्हातारे झाले. मी गेलो तेव्हा चौऱ्याहत्तरचे होते. उंच, वाळके, अंगात चामड्याचा एप्रन, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं काहीतरी. मला वाटलं ताईत आहे. थर्मामीटर होता.

त्यांनी मला बसवलं आणि चहा दिला. अर्धा कप.

"आधी एवढा घेऊन बघा, व्याही. जमला तर पुढचा टाकतो."

मी म्हटलं, "चहा जमत न्हाई असा माणूस अजून जन्माला यायचाय."

"गेनाऊ," ते म्हणाले. गेनाऊ म्हणजे बरोब्बर. दर दोन वाक्यांमागं ते हे म्हणायचे, आणि समोरच्याचं चुकलं असलं की जास्तच. "पण साखर जमत नाही असे असतात. कपभर चहा टाकून देण्यापेक्षा अर्धा कप टाकून दिलेला बरा."

ह्या एका वाक्यात माणूस आला. आधी थोडं करून बघावं, हा त्यांचा धर्म. घराच्या बोळाला कोणता रंग द्यावा हे ठरवायला त्यांनी भिंतीवर हाताच्या पंजाएवढे ठिपके काढले होते. पिवळा, फिका पिवळा, त्याहून फिका पिवळा. विहीणबाई असताना सुरू झालेलं हे काम. विहीणबाई गेल्या, ठिपके तसेच राहिले. मी विचारलं, "रंग कधी देणार?" तर म्हणाले, "अजून चाचणी चालू आहे."

लग्नाच्या वेळी तर ह्यांनी कहर केला होता. माझ्या पोरानं त्यांच्या मुलीला मागणी घातली तेव्हा ह्यांनी पत्रिका मागितली नाही, पगार विचारला नाही. सुट्या फळ्या आणि स्क्रूंचं एक खोकं दोघांच्या पुढ्यात ठेवलं आणि सांगितलं, "हे कपाट दोघांनी मिळून जोडायचं. मी बाहेर फिरून येतो." पोरानं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी उसाच्या फडात होतो. तिथंच ओरडलो, "आरं, आपल्यात गुण जुळवत्यात, कपाट न्हाई!" ते कपाट अजून वरच्या मजल्यावर आहे. एक दार तिरकं आहे. मी मुद्दाम व्याह्यांना ते दाखवलं. ते म्हणाले, "दार तिरकंच बसलं होतं. पण मी परत आलो तेव्हा दोघं हसत होती. संसाराची लहान बॅच काढून बघितली, बास."

बॅच हा शब्द त्यांच्या तोंडात बिअरवरून बसला होता. घराखाली तळघर होतं, त्याला तिकडं केलर म्हणतात. त्या केलरात ते बिअर करायचे. विकत आणलेलं पाकीट उकळून नव्हे, तर जव आणून. जव भिजवून, मोड आणून भट्टीत वाळवलेले असतात, त्याला माल्ट म्हणायचं. ते भरडायचे, गरम पाण्यात तासभर मुरवायचे, गाळून गोड रस काढायचा, तो रस हॉप्स नावाची कडू पाला-फुलं घालून उकळायचा, थंड करायचा आणि मग यीस्ट घालून ठेवून द्यायचा. विहीणबाई असताना घरात सारखी माणसं, तेव्हा एका वेळी वीस लिटर करायचे. आता प्यायला ते एकटेच, डॉक्टरांनी परवानगी दिलेली एका ग्लासाची, आणि जुने मित्र काही वर गेलेले, काही औषधांवर. म्हणून ते वीस लिटरचं एक लिटर करायच्या मागं लागले होते.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. म्हटलं, "ह्यात मागं लागायचं काय हाय? ईसानं भागायचं."

"भागा," ते म्हणाले.

आता इथं माझी ओळख सांगितली पाहिजे. मी गुळव्या. चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गूळ काढला. हजारभर लिटर उसाचा रस एका काहिलीत उकळतो, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर मळी येते ती काढायची, रस आटत आटत घट्ट होतो, आणि कोणत्या क्षणाला काहील उतरवायची हे गुळव्यानं सांगायचं. आधी उतरवली तर गूळ चिकट, नंतर उतरवली तर करपट. तो क्षण घड्याळात नसतो. माझ्या ढेपेला बाजारात लोक बोटानं टिचकी मारून बघत आणि मान हलवत. तेव्हा गोड रस उकळणं मला एक पुण्याचा इंजिनियर शिकवणार, हे मला जडच गेलं.

पण भागाकार खरंच जमेना. जव वीसपट कमी होतात, हॉप्स होतात. हॉप्सच्या त्या हिरव्या गोळ्या, शेळीच्या लेंड्यांसारख्या दिसणाऱ्या, ते सोनाराच्या काट्यावर तोलायचे आणि अर्धी लेंडी चाकूनं कापायचे. पण पाणी भागलं जात नाही. मोठ्या भांड्यात तासाभरात रस थोडासाच कमी झालेला दिसतो. लहान भांड्यात तेवढ्याच तासात निम्मा उडून जातो. शिवाय भरडा पाणी पितो, तळाला गाळ राहतो, आणि उबेचं तर विचारूच नका. मोठं पातेलं तासभर गरम राहतं, लहान भांडं पाच मिनिटांत गार. म्हणून व्याह्यांनी त्या भांड्याला विहीणबाईंची गोधडी गुंडाळलेली, वर माझ्या नातवाची लोकरी टोपी घातलेली. भांडं खुर्चीत बसवलेलं. मी पहिल्या दिवशी खाली गेलो तर मला वाटलं कुणी लहान मूल झोपलंय.

"मोठं करणं कुणालाही जमतं हो," ते म्हणायचे. "लहान करून दाखवा."

हे ते मला बघून म्हणायचे असा माझा तेव्हा समज होता.

ह्या केलरावर संकट होतं, ते मला पहिल्या आठवड्यातच सुनेकडून कळलं. सून मला मामा म्हणते, तिच्या वडिलांना बाबा. मी जायच्या आधी वसंतात कधीतरी व्याह्यांच्या हातून भांडं कोरडं जळालं होतं. धूर झाला, छताला लावलेली धुराची घंटा बोंबलली, आणि वर सहा महिन्यांचं पोर. सूनबाई नातवाला घेऊन रस्त्यावर धावली होती.

"मामा, मी बाबांना सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "पुन्हा एकदा ती घंटा वाजली की केलरची किल्ली माझ्याकडे. मग बिअर नाही, काही नाही. त्यांना वाईट वाटेल, पण माझं बाळ वर झोपतं."

"आन त्ये काय म्हणाले?"

"काय म्हणणार? गेनाऊ म्हणाले." मग म्हणाली, "त्यांना दुसरं काही नाहीये हो मामा. आई गेल्यापासून सकाळी उठायचं कारण म्हणजे ते तळघर. तुम्ही इतकी वर्षं चुलीपाशी काढलीत. तीन महिने आहात तोवर खाली बसून त्यांच्यावर लक्ष ठेवाल का?"

खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. दारावरच्या पाटीवर आमचं आडनाव खाली असेल, पण केलरात आता माझा अंमल. मी त्याच दुपारी खाली उतरलो आणि व्याह्यांना सांगितलं, "आजपासून मी हितं बसणार."

"बसा की," ते म्हणाले. "तुमच्यासाठी स्टूल आणलंय." म्हणजे त्यांना आधीच ठाऊक होतं.

आमचं पहिलं भांडण भेंडीवरून झालं. रस उकळायला लागला आणि वर फेस आला, तो बघून माझे हात शिवशिवले. उसाच्या रसाची मळी काढायला आम्ही रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात चोळतो. ते बुळबुळीत पाणी काहिलीत घातलं की मळी वर येऊन बसते, रस आरशासारखा होतो. मी म्हटलं, "व्याही, हितं भेंडी मिळती का?"

ते असे उभे राहिले जसा काही मी देवघरात चपला घालून गेलोय.

"व्याही, इथे पाचशे वर्षांचा कायदा आहे. बिअरमध्ये जव, हॉप्स, पाणी, यीस्ट. पाचवी वस्तू नाही."

"पाचशे वर्षांत कुणी गुळव्या हितं आला नसंल."

"भेंडी म्हणजे भाजी आहे हो!"

"मळीबी काय पक्वान्न न्हाई."

त्या रागात मी एकटा बसनं गेलो. भाषा येत नाही, तिथलं वाचता येत नाही. तुर्की माणसाच्या दुकानात जाऊन बोटानं भेंडी दाखवली आणि घेऊन आलो. व्याह्यांचा कायदा मोठा, पण धर्म त्याहून मोठा. आधी थोडं करून बघावं! त्यांनी रसाचं एक भांडं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "आल्झो, बरं तर, एवढ्यात घाला. ह्याला मी बिअर म्हणणार नाही. ह्याला व्याहीपेय म्हणू."

काहिलीला मी भेंडीचं पाणी बादलीनं घालत आलो. एका लिटरला किती? मी मूठभर भेंडी ठेचली, कारण मुठीहून लहान माप माझ्याकडं नव्हतंच. रस स्वच्छ झाला हे खरं. पंधरा-वीस दिवसांनी बाटली उघडली आणि व्याह्यांनी ग्लासात ओतली, तेव्हा बाटलीच्या तोंडापासून ग्लासापर्यंत एक तार आली आणि ती काही केल्या तुटेना. ते खुर्चीवर चढले. तार लांबली. मी दारूला शिवत नाही, त्यामुळं चव मला माहीत नाही. त्यांनी एक घोट घेतला, खूप वेळ गिळत राहिले आणि म्हणाले, "स्वच्छ आहे."

त्यानंतर मात्र त्यांनी मला एक मान दिला, निदान मला तरी तसं वाटलं. ते एकाच वेळी तीन लहान भांड्यांत तीन तऱ्हेनं रस काढायचे, कुठं जव जरा जास्त भाजलेले, कुठं पाणी जरा जास्त गरम. यीस्ट घालायच्या आधी, म्हणजे दारू व्हायच्या आधी, तीन वाट्या माझ्यापुढं ठेवायचे.

"हुंगा, व्याही. काय येतं?"

मी डोळे मिटून सांगायचो. "ह्यो भाकरीच्या पापुद्र्यावानी. ह्यो ओल्या कडब्यावानी, ह्येला बाद करा. ह्यो… ह्यो चांगला. शेंगा भाजल्यावानी."

ते ऐकत राहायचे आणि मी बाद म्हटलेली वाटी मुकाट्यानं मोरीत ओतायचे. मी गावाकडं बायकोला फोन करून सांगितलं, "जर्मनीत इंजिनियर माणूस माझ्या नाकावर चालतोय." ती म्हणाली, "म्हैस खाईना झालीय, त्याचं सांगा."

आता ज्या दिवसाबद्दल सांगायचंय तो रविवार. व्याह्यांना अखेर प्रमाण सापडलं होतं. किती पाण्यानं सुरुवात केली की तासाभरानं बरोबर एक लिटर उरतो, ते त्यांनी हळूहळू पक्कं करत आणलं होतं. आज तेच करून बघायचं आणि जमलं की हीच त्यांची एक लिटरची कृती. दुपारी त्यांनी रस चुलीवर चढवला. चूल म्हणजे विजेची तबकडी. शेजारच्या मोरीत बाटल्या धुवायला जाताना त्यांनी माझ्या हातात खाचा पाडलेली एक काठी दिली.

"अधूनमधून ही बुडवून रस किती उरलाय ते बघत राहा. ह्या खाचेला आला की उतरवा. आणि हे घड्याळ वाजलं की मला हाक मारा."

"व्याही," मी म्हटलं, "चाळीस वरसं काहील उतरवली मी. काठी कधी बुडवली न्हाई."

"गेनाऊ," ते म्हणाले आणि गेले.

जाळ मला मिणमिणता वाटला. एवढ्याशा आचेवर रस उकळणं म्हणजे गुळव्याचा अपमान. मी बटण फिरवलं. रस खदखदायला लागला तेव्हा कुठं बरं वाटलं. तेवढ्यात बायकोचा व्हिडिओ कॉल आला. म्हैस व्याली होती. रेडी झाली होती. मी फोन भांड्यावर धरून तिला रस दाखवला, तिनं फोन रेडीवर धरून मला रेडी दाखवली. मधेच ते घड्याळ टिवटिव करायला लागलं, ते मी दाबून गप्प केलं. घंटा वाजली म्हणून गुऱ्हाळावर कधी काहील उतरत नाही. मोरीत नळ चालू होता, बाटल्या खणखणत होत्या. व्याह्यांना काही ऐकू गेलं नसणार.

फोन ठेवला आणि मला वास आला. फार सुंदर वास. काहील तयार होत आली की सगळ्या शिवारात जो पसरतो, तोच. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही, एवढंच आलं की रस गोळीला आला. गोळीला आला म्हणजे काय, तर गरम पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा आणि बोटांत त्याची गोळी वळते का बघायची. वळली की काहील उतरवायची. मी उठलो. वाटी घेतली. गार पाण्यासाठी कोपऱ्यातल्या नळाकडं गेलो. ह्या रसाची गोळी करायची नाहीये, ह्याची बिअर करायचीय, हे माझ्या डोक्याला माहीत होतं. हातांना कोणी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षांत गोड रसाचं एकच काय ते करायचं असतं, हे त्या हातांना पाठ होतं.

काहिलीला गोळीपासून करपेपर्यंत वेळ असतो. माणूस पाणी पिऊन येतो. एका लिटरला तो वेळ नसतो. मी वाटी भरून वळलो तेव्हा भांड्यातून काळा धूर निघत होता आणि छतावरची घंटा अशी बोंबलायला लागली की माझ्या हातातली वाटी पडली.

व्याही मोरीतून बाहेर आले. हातात साबण लागलेली बाटली. धुराच्या मधोमध उभे राहून त्यांनी विचारलं, "काय वाजतंय?"

डोळ्यांतून पाणी येत होतं त्यांच्या. पण नाकावर सुरकुती नाही. मी ते पाहिलं, पण तेव्हा समजलं नाही. मी तबकडी बंद केली, भांडं मोरीत टाकलं, खिडकी उघडली.

जिन्यावर सूनबाई. कडेवर नातू, तोही घंटेच्या सुरात सूर मिसळत.

"बाबा!"

"माझ्याकडून झालं," व्याही लगेच म्हणाले. "विसरलो."

आता शहाण्या माणसानं इथं गप्प बसावं. किल्ली तर जाणारच होती, दोष कुणाचा का असेना. पण मला ते सहन होईना. माझ्यासमोर माझी काहील दुसरा कुणी करपवतो? चाळीस वर्षांत माझ्या चुलीवरची चूकसुद्धा मी दुसऱ्याला दिली नव्हती.

"खोटं!" मी ओरडलो. "मी जाळलं. मी बसलो हुतो भांड्यापाशी. ह्ये तिकडं बाटल्या धुत हुते."

सूनबाई माझ्याकडं बघायला लागली. मग वडिलांकडं. मोरी त्या खोलीला लागूनच, मधे दारसुद्धा नाही.

"बाबा, तुम्ही तिथे होतात? मग तुम्हाला वास नाही आला?"

व्याही बाटली पुसायला लागले.

"बाबा, मी काय विचारतेय?"

"वास येत नाही गं मला," ते म्हणाले. "साथीत ताप आला होता ना, तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले येईल परत. आला नाही."

सूनबाई जिन्यात खाली बसली. "म्हणजे ते मागचं भांडं… आणि बाळाचं दूध नासलेलं तुम्ही गरम करून देत होतात…"

"ते मला कळलं नाही." आणि बाटली पुसत पुसतच, "तुला सांगितलं असतं तर तू तेव्हाच बंद केलं असतंस."

तिनं किल्ली मागितली नाही. त्यांनी स्वतःच एप्रनच्या खिशातून काढली आणि नातवाच्या मुठीत दिली. नातवानं ती तोंडात घातली आणि गप्प झाला. माझ्या खरं बोलण्याच्या हौसेनं एका माणसाचं गुपित उघडं पडलं. गप्प बसलो असतो तर केलर गेलं असतं, पण त्यांची झाकली मूठ तरी राहिली असती.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो. माफी मागायची सवय नसल्यामुळं नुसता उभा राहिलो. टेबलावर ते जळकं भांडं ठेवून ते चमच्यानं कडेचं काळं खरवडत होते. माझ्याकडं बघून हसायला लागले.

"व्याही, तुम्ही बिअरचा गूळ केलात."

"गोळीला आला हुता," मी म्हटलं. एवढं तरी त्यांना कळलं पाहिजे होतं.

त्यांनी तो काळा कण जिभेवर ठेवला. "कडू. एवढं अजून कळतं. गोड, कडू, खारट. बाकी सगळं पाणी." मग म्हणाले, "त्या तीन वाट्या मी तुम्हाला हुंगायला देत होतो, तो तुमचा मान म्हणून नव्हे. मला नाक हवं होतं."

आता हे ऐकून माझं तोंड कसं झालं असेल ते बायकोला सांगितलं नाही, तुम्हालाही सांगत नाही. मी दाराकडं वळलो.

"अहो, थांबा. नाकं पुष्कळ होती. पोस्टमनला नाही दिल्या मी वाट्या. ओल्या कडब्यासारखा, हे दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं." त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "बसा. जळायच्या आधी कसा होता वास? तुम्ही वाटी घेऊन उठलात तेव्हा?"

मी बसलो. मला वर्णन करता येत नाही, मी गुळव्या आहे. तरी सांगितलं. थंडीत भल्या पहाटे गुऱ्हाळाकडं निघालं की आधी चिपाडाच्या धुराचा वास येतो. ओढ्याजवळ आलं की तो मागं पडतो आणि रसाचा येतो, हिरवा, कच्चा. आणि काहील उतरायला आली की हे दोन्ही जातात आणि तिसराच येतो. त्या वासावर गावातली पोरं हातात नारळाची करवंटी घेऊन धावत येतात, गरम गुळासाठी. त्यांना कुणी बोलवत नाही. तो वास होता.

"जवाला?" त्यांनी विचारलं. "माझ्या जवाला तो आला?"

"आला. आमच्यापरास जरा भाजका. पर आला."

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि भांडं जवळ ओढलं. गेनाऊ म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते जळकं भांडं माझ्या खोलीत नेलं आणि न्हाणीघरात बसून चिंच-मिठानं घासलं. आयुष्यात भांडं घासायची ही माझी पहिलीच वेळ. गुळव्या काहील घासत नाही, त्याला माणसं असतात. बोटं सोलली, पण तळ दिसला. मग ते घेऊन सुनेच्या स्वयंपाकघरात गेलो. ती नातवासाठी नाचणीचं सत्त्व हलवत उभी होती. तिच्या शेजारची सगळ्यात लहान तबकडी रिकामी होती. तिच्यावर मी भांडं ठेवलं. चपखल बसलं.

"मामा, हे काय?"

"एक लिटरचं काम हाय," मी म्हटलं. "त्येला केलर कशाला लागतंय? हितं तू हायस, मी हाय, पोरगा हाय. तीन नाकं चालू हायती. मी गेल्यावर दोन ऱ्हातील, तीबी बास हायती."

ती भांड्याकडं बघत राहिली.  मग चमचा न थांबवता दुसऱ्या हातानं तिनं सत्त्वाचं पातेलं जरासं बाजूला सरकवलं.

मी जिना उतरून खाली गेलो आणि व्याह्यांचं दार वाजवलं.